टेंट कुणाचा, डोंगर कुणाचा? गडावरच्या मुक्कामाचे नियम गावानेच ठरवायची वेळ

विश्लेषण

अकोले, प्रतिनिधी : शनिवारची दुपार झाली की राजूरच्या पुढचे रस्ते बदलून जातात. एक रांग पाचनईकडे हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला लागते, दुसरी शेंडीवरून भंडारदऱ्याच्या कडेकडेने मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघरकडे वळते. गाड्यांच्या टपावर गुंडाळलेले टेंट, डिकीत कोळशाची पोती, पाण्याच्या बाटल्यांचे गठ्ठे, कधी मोठा स्पीकर. अंधार पडेपर्यंत माळावर, धरणाच्या काठावर आणि गडाच्या पठारावर निळे-पिवळे टेंट उभे राहतात. रविवारी दुपारी ते उठतात. सोमवारी सकाळी गुरं घेऊन गेलेल्या पोराला तिथे काळ्या चुली, फुटक्या बाटल्या, कुरकुऱ्यांची पाकिटं आणि झुडपामागची घाण दिसते.

डोंगरात मोकळ्यावर मुक्काम करणं ही काही वाईट गोष्ट नाही. गुराखी, धनगर, देवाला जाणारे लोक पिढ्यान् पिढ्या उघड्यावर राहत आले. शहरातल्या पोरांनाही चांदण्यात झोपावंसं वाटलं तर त्यात गैर काय? अडचण मुक्कामाची नाही. टेंट कुठे लावायचा, किती लावायचे, आग पेटवायची की नाही, शौचाला कुठे जायचं आणि सोमवारी झाडू कुणी मारायचा, हे कुणीच ठरवलेलं नाही. आणि जे गावाने ठरवलं नाही ते उद्या वरून कुणीतरी ठरवणार. तेव्हा नियम येणार नाही, सरसकट बंदी येईल. उत्तराखंडात हे झालेलं आहे. ते पुढे पाहू. आधी आपल्या डोंगराचं पाहू.

मोकळी जागा म्हणजे बिनमालकाची नव्हे

येणाऱ्या पाहुण्याला सगळा डोंगर सारखाच दिसतो. कुंपण नाही, पाटी नाही, म्हणजे जागा सरकारी आणि सरकारी म्हणजे सगळ्यांची, असा त्याचा समज असतो. गावातल्या पोरांचाही बऱ्याचदा तोच असतो. प्रत्यक्षात टेंट लागतात त्या जागा चार-पाच प्रकारच्या आहेत आणि प्रत्येकीचा कायदा वेगळा आहे.

पहिली जागा अभयारण्याची. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य 1986 साली जाहीर झालं. त्याचं क्षेत्र 361.71 चौरस किलोमीटर आहे. 1646 मीटर उंचीचं राज्यातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड हा सगळा पट्टा त्यात येतो. इथे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. या कायद्याच्या कलम 27 प्रमाणे अभयारण्यात कुणी यावं यावर बंधन आहे आणि कचरा टाकायला स्पष्ट मनाई आहे. कलम 28 प्रमाणे पर्यटनासाठी परवानगी देता येते, म्हणजे दार पूर्ण बंद नाही. कलम 30 आगीबद्दल आहे. अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं किंवा पेटती सोडून जाणं हा गुन्हा आहे.

दुसरी जागा राखीव वनाची. तिला 1927 चा भारतीय वन कायदा लागतो. तिसरी धरणाच्या काठची. भंडारदऱ्याचं पाणी उतरलं की जी जमीन उघडी पडते ती कुणा शेतकऱ्याची नाही, जलसंपदा खात्याची आहे. चौथी जागा गायरान किंवा गावठाणाची. पाचवी मालकीची, सातबाऱ्यावर नाव असलेली. याशिवाय हरिश्चंद्रेश्वर आणि रतनवाडीचा अमृतेश्वर ही जुनी दगडी मंदिरं आहेत. त्यांच्या आवारात चूल मांडणं हा वेगळाच विषय आहे.

हे समजून घेणं गावाच्या फायद्याचं आहे. कारण टेंटवाल्याबरोबर जेवणाचा व्यवहार करणारा, टेंट भाड्याने देणारा, गाडी लावायला जागा देणारा गडी गावातलाच असतो. उद्या कारवाई झाली तर पाहुणा पुण्याला निघून गेलेला असतो आणि नोटीस ज्याच्या दारात यायची त्याच्या दारात येते. आपण टेंट लावतोय ती जागा कुणाची, हे सातबारा आणि गावनकाशा पाहून एकदा ठरवून घेतलं तर अर्धी भांडणं तिथेच मिटतात. मालकीच्या रानात व्यवसाय करायचा असेल तर राज्याचं 2020 चं कृषी पर्यटन धोरण आहे, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. डोंगर चढणं, दोरावरून उतरणं अशा गोष्टी विकणाऱ्या संस्थांसाठी 2021 चं साहसी पर्यटन धोरण आहे, त्यांनाही नोंदणी सांगितलेली आहे. नोंदणी आहे का, हा साधा प्रश्न गावाने विचारायला हरकत नाही.

गडावरच्या टाक्यापासून राहुरीपर्यंत

हरिश्चंद्रगडावर पाणी म्हणजे कातळात खोदलेली टाकी आणि पुष्करणी. पाऊस संपला की त्यात जे साठलं तेच पुढे पुरवायचं. तिथे कुणी भांडी घासली, कुणी साबण लावून अंघोळ केली, तर ते पाणी वाहून जाणारं नाही. तिथेच नासतं. गडावर पिठलं-भाकरी करून देणाऱ्या बायाही तेच पाणी वापरतात आणि रानातली जनावरंही तिथेच येतात.

यात एक गोष्ट विसरली जाते. मुळा नदी हरिश्चंद्रगडाच्या डोंगरात उगम पावते आणि प्रवरा रतनगडाच्या. मुळेचं पाणी कोतूळवरून राहुरीच्या मुळा धरणात जातं. प्रवरेचं पाणी भंडारदऱ्यात, तिथून निळवंड्यात आणि पुढे संगमनेरकडे जातं. पुढे मुळा प्रवरेला मिळते आणि प्रवरा गोदावरीला. म्हणजे आज जिथे टेंटची सर्वात जास्त गर्दी होते ते दोन डोंगर या जिल्ह्यातल्या दोन मोठ्या नद्यांची माथ्याची टाकी आहेत. खालच्या तालुक्यातल्या बागायतदाराला वाटत असेल की हा अकोल्याच्या डोंगरातल्या चार गावांचा प्रश्न आहे, तर तसं नाही.

हिशोब मांडायला फार शिक्षण लागत नाही. समजा एका शनिवारी एका पठारावर 200 माणसं राहिली. माणशी दोन बाटल्या धरल्या तर 400 बाटल्या. शौचाला 200 माणसं, आणि बहुतेक जण पाण्याजवळच्या झुडपात जाणार, कारण पाणी तिथेच आहे. असे नोव्हेंबर ते फेब्रुवारीतले 15-16 शनिवार धरा. पहिल्या वळवाच्या सरीबरोबर हे सगळं उताराने खाली येतं. खाली विहीर, ओढा, पाझर तलाव गावाचाच असतो. पावसाळ्यात घाटघर-रतनवाडीला जिल्ह्यात सर्वात जास्त पाऊस पडतो, पण उन्हाळ्यात याच पट्ट्यातल्या बायांना हंडा घेऊन लांब जावं लागतं. त्या दिवसांत हाताशी उरलेला झरा घाण झाला तर दुसरा कुठून आणायचा?

शेकोटी पाहुण्याची, चराई बंद गावाची

टेंटच्या पॅकेजमध्ये शेकोटी ही जणू ठरलेलीच गोष्ट झाली आहे. डिसेंबरात थंडी असते, गाणी म्हणायची असतात, फोटो काढायचे असतात. लाकूड कुठून येतं? आजूबाजूच्या रानातून. आधी वाळकं, मग हाताला येईल ते. गावच्या बाईला मोळी आणायला आधीच लांब जावं लागतं. आता त्याच सरपणाला शनिवारी दुसरं गिऱ्हाईक आलं आहे.

त्याहून मोठी भीती वणव्याची. दिवाळीनंतर डोंगरावरचं गवत वाळायला लागतं. तेव्हापासून पाऊस येईपर्यंत एक ठिणगी पुरे. गवत जळालं की जनावरांचा चारा गेला. हिरड्याची रोपं जळाली की पुढच्या पिढीचं उत्पन्न गेलं. महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या कितीतरी घरांना हिरड्यावर वर्षाचा एक आधार असतो. जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे, किडे यांचं तर कुणी मोजतही नाही.

इथे कायद्यातली एक गोष्ट प्रत्येक गुरं राखणाऱ्याने लक्षात ठेवावी. 1927 च्या भारतीय वन कायद्याच्या कलम 26 मध्ये अशी तरतूद आहे की राखीव वनात मुद्दाम किंवा मोठ्या निष्काळजीपणाने आग लागली तर त्या वनातले चराईचे आणि वनउपजाचे हक्क ठरावीक काळासाठी बंद करण्याचा आदेश सरकार देऊ शकतं. आग कुणी लावली हे सापडो वा न सापडो, दंड कुणाला होवो वा न होवो. म्हणजे शेकोटी पाहुण्याने केली, निखारे तसेच टाकून तो झोपला, पहाटे वारा सुटला, आणि चराई गावाची बंद, असं होऊ शकतं. आजपर्यंत कुठे झालं नसेल म्हणून ते कागदावरून पुसलं जात नाही.

माणसाच्या जिवाचाही प्रश्न आहे. मार्च 2018 मध्ये तामिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून ट्रेकला गेलेल्या वीसहून जास्त जणांचा जीव गेला. वाळलेल्या गवताच्या उतारावर आग वर धावते आणि माणसाला तिच्या पुढे पळता येत नाही. आपल्या डोंगराचा उतार काही वेगळा नाही. साम्रदच्या सांदण दरीसारख्या ठिकाणी धोका पाण्याचा आहे. दरी अरुंद, दोन्ही बाजूला उभे कडे. वर कुठे जोराचा वळीव झाला तरी खाली लोंढा येतो. अशा वेळी शोधायला पहिल्यांदा कोण उतरतं? गावातलीच पोरं. दोर त्यांचा, बॅटरी त्यांची, रात्र त्यांची. आणि वर नेमकी किती माणसं आहेत, हे कुणालाच ठाऊक नसतं, कारण नोंद कुठेच नाही.

काजव्यांचे पंधरा दिवस

मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडी या भागात काजवे पाहायला गर्दी उसळते. काजव्याचा उजेड ही त्याची बोली असते. नर चमकून मादीला खूण करतो, मादी चमकून उत्तर देते. त्यातून जोडी जमते, मग मातीत अंडी घातली जातात. गाड्यांचे दिवे, मोबाईलच्या बॅटऱ्या, टेंटमधले कंदील यांच्या उजेडात ही खूण दिसेनाशी होते. माती तुडवली गेली की अंडी आणि अळ्या चिरडल्या जातात. म्हणजे ज्यासाठी लोक येतात तेच येण्याने कमी होतं. पाच-दहा वर्षांनी काजवेच राहिले नाहीत तर त्या पंधरा दिवसांचा धंदा कुणासाठी मांडणार? झाडाखाली टेंट लावू न देणं हा पाहुण्यावरचा अन्याय नाही, स्वतःच्या दुकानातला माल जपणं आहे.

पैसा येतो, पण थांबतो कुठे?

या गर्दीने गावाला काहीच दिलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. ज्या गावात पावसाळ्यातला भात आणि नागली-वरई सोडली की हाताला काम नाही, जिथून लोक दिवाळीनंतर नारायणगाव, ओतूरकडे मजुरीला जातात, तिथे शनिवार-रविवारचं जेवण, वाटाड्याची मजुरी, गाडी लावायचे पैसे हा आधार आहे. काही पोरं या धंद्यामुळेच गावात थांबली. काही ठिकाणी गावाची समिती प्रवेश शुल्क घेते, स्वच्छतेची माणसं लावते. ही गोष्ट छोटी नाही.

पण मोठा वाटा कुठे जातो तेही पाहायला हवं. बुकिंग मोबाईलवर होतं. जाहिरात, पैसे घेणं, माणसं जमवणं हे शहरातला आयोजक करतो. गावात त्यातलं जेवण आणि चहा उरतो. उदाहरणादाखल, पॅकेज 1500 रुपयांचं असेल आणि गावात माणशी दोन वेळच्या जेवणाचे 300 रुपये पोचत असतील, तर 1200 रुपये डोंगर न झाडता परत गेले. आकडा प्रत्येक गावात वेगळा निघेल. तो प्रत्येक गावाने स्वतः काढावा. पाणी गावाचं, सरपण गावाचं, कचरा गावात, धोका गावाला, आणि दर ठरवणारा मात्र दुसरा, हा हिशोब बरोबर नाही.

गावातल्या गावातही दोन बाजू पडल्या आहेत. ज्याचं घर रस्त्याला त्याला गिऱ्हाईक मिळतं. ज्याचं घर आतल्या पाड्यावर त्याच्या वाट्याला फक्त रात्रीचा आवाज आणि सकाळचा कचरा येतो. मग एक गट म्हणतो येऊ द्या, दुसरा म्हणतो बंद करा. दोघांचंही खरं आहे. म्हणूनच हा निर्णय चार दुकानदारांनी किंवा चार पुढाऱ्यांनी करायचा नाही.

अमेरिकेत मोकळा मुक्काम कसा चालतो

अनेकदा सांगितलं जातं की परदेशात तर जंगलात कुठेही टेंट लावता येतो. हे अर्धं खरं आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वनांत बऱ्याच ठिकाणी ठरावीक तळ सोडून रानात कुठेही मुक्काम करता येतो. बुकिंग नाही, नळ नाही, संडास नाही, कचरापेटी नाही. पण नियम आहेत. एका जागी साधारण 14 दिवसांच्या वर राहता येत नाही. टेंट पाण्यापासून 200 फूट म्हणजे सत्तर पावलं लांब ठेवायला सांगतात. शौचासाठी वीतभर खोल खड्डा, तोही पाण्यापासून तितकाच लांब, आणि नंतर मातीने बुजवायचा. आणलेला सगळा कचरा, अगदी फळाची सालसुद्धा, परत न्यायचा. आधी जिथे टेंट लागून जमीन कडक झाली आहे तिथेच लावायचा, नव्या गवतावर नाही. उन्हाळ्यात रान वाळलं की शेकोटीवर बंदीचे आदेश निघतात.

आणि तिथली जागा किती? त्यांच्या वनखात्याकडे सुमारे 19 कोटी 30 लाख एकर जमीन आहे. आपलं अख्खं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य एकरात मोजलं तर 89 हजारांच्या आसपास भरतं. त्यात गावं आहेत, भातखाचरं आहेत, सरळ कडे आहेत, धरणाचं पाणी आहे. टेंट लावायला सपाट जागा उरते ती बोटावर मोजण्याइतकी, आणि मुंबई, पुणे, नाशिक तिन्ही शहरं काही तासांवर. तिकडचा मोकळेपणा इकडे जसाच्या तसा चालणार नाही. मात्र सत्तर पावलं, वीतभर खड्डा आणि कचरा परत, या तीन गोष्टी उद्यापासून लागू करायला एक रुपयाही लागत नाही.

बुग्यालांवर काय झालं

उत्तराखंडात हिमालयाच्या उंचावर गवताची विस्तीर्ण कुरणं आहेत. त्यांना बुग्याल म्हणतात. चमोली जिल्ह्यातली आली आणि बेदनी ही बुग्यालं प्रसिद्ध आहेत. रूपकुंडला जाणारी वाट तिथून जाते. महाराष्ट्रातून जाणारे ट्रेकरही या वाटेवर खूप असायचे. टेंट वाढले, तात्पुरत्या छपऱ्या पक्क्या होत गेल्या, खेचरं वाढली, प्लास्टिक वाढलं. स्थानिक लोकांच्या एका समितीनेच न्यायालयात दाद मागितली. ऑगस्ट 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली, पर्यटकांच्या संख्येवर 200 ची मर्यादा घातली आणि पक्की बांधकामं काढायला सांगितली.

गवताला आराम मिळाला. पण ज्या वाटेला मुक्कामाशिवाय पर्याय नाही त्या वाटेचा ट्रेकच थांबला. पायथ्याच्या गावातले वाटाडे, ओझी नेणारे, खेचरवाले, स्वयंपाकी यांचं काम गेलं. बाहेरचे आयोजक दुसऱ्या डोंगरावर निघून गेले. त्यांना डोंगर पुष्कळ आहेत. गावाला एकच होता.

न्यायालयाचं चुकलं असं म्हणता येणार नाही. नासाडी दिसत होती आणि ती थांबवायला दुसरं कुणी पुढे आलं नव्हतं. धडा इतकाच की नियम वेळेवर झाले असते तर कदाचित बंदीपर्यंत गोष्ट गेली नसती. पवनेच्या काठी टेंटची जी वस्ती झाली ती मावळातल्या लोकांनी पाहिली आहे. अकोल्याच्या डोंगरात अजून हात राखून आहे, म्हणून आत्ताच बोलायला हवं.

ग्रामसभेच्या हातात काय आहे?

गावात नेहमी ऐकू येतं की जंगल वनखात्याचं, आपल्या हातात काय? हातात बरंच आहे, फक्त वापरलेलं नाही.

अकोले तालुक्याचा डोंगरी भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. म्हणजे 1996 चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे 2014 चे पेसा नियम इथे लागू आहेत. गावाची सामूहिक साधनसंपत्ती जपणं हा ग्रामसभेचा अधिकार आहे. पाड्यालाही ठरलेली पद्धत पूर्ण करून स्वतंत्र गाव म्हणून मान्यता घेता येते, मग त्याची स्वतःची ग्रामसभा होते.

दुसरा कायदा 2006 चा वनहक्क कायदा. तो अभयारण्यातल्या जमिनीलाही लागतो. त्यातल्या कलम 3(1)(झ) प्रमाणे सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क गावाला मिळतो. कलम 5 प्रमाणे वन, वन्यजीव, पाणलोट यांना बाधा आणणाऱ्या गोष्टी थांबवण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि पुढे स्वतःचा बांबू स्वतः विकून दाखवला. तिथे बांबू होता, इथे मुक्काम आहे. माल वेगळा, रीत तीच.

तिसरी गोष्ट नवी आहे आणि फार थोड्यांना ठाऊक आहे. वन्यजीव कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली, ती एप्रिल 2023 पासून लागू आहे. कलम 33 आता सांगतं की अनुसूचित क्षेत्रातल्या किंवा वनहक्क कायदा लागू असलेल्या अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा करताना संबंधित ग्रामसभेशी रीतसर सल्लामसलत झाली पाहिजे. म्हणजे टेंट कुठे, किती, कोणत्या महिन्यात, हे आराखड्यात लिहून घ्यायची संधी गावाला कायद्यानेच दिली आहे. पण सल्ला विचारायला कुणी आलं तेव्हा गावाकडे लिहिलेलं काही नसेल तर मान हलवण्यापलीकडे काय करणार?

पैशाचंही आहे. पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के निधी थेट मिळतो. त्याच्या खर्चाच्या बाबींत आरोग्य-स्वच्छता आहे आणि वन्यजीव पर्यटन व वन उपजीविकाही आहे. पायथ्याला संडास, कचरा वेगळा करायची शेड, नोंदणीची खोली यासाठी दुसरीकडे हात पसरायच्या आधी हा निधी कुठे खर्च होतो ते ग्रामसभेने विचारावं.

ठरावात काय काय असावं

पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायचा असेल तर खालच्या गोष्टींवर बोलणी होऊ शकतात.

1) जागा : वनखात्याबरोबर फिरून मुक्कामाच्या दोन-तीन जागाच ठरवायच्या. पाण्यापासून सत्तर पावलांच्या आत, मंदिराच्या आवारात, कड्याच्या धारेवर आणि काजव्यांच्या झाडांखाली टेंट नाही.

2) संख्या : एका रात्री किती टेंट, हे टाक्यातलं पाणी आणि संडास पाहून ठरवायचं. गाड्या किती आल्या त्यावरून नाही.

3) नोंद : नाव, मोबाईल नंबर, किती जण, कधी उतरणार. उतरले की खूण करायची. शोधाशोधीची वेळ आली तर हीच वही कामाला येते.

4) आग : दिवाळी ते पाऊस उघडी शेकोटी बंद. स्वयंपाक गावातल्या घरात, म्हणजे रोजगारही घरातल्या बाईला.

5) कचरा : वर जाताना पिशव्या-बाटल्या मोजून अनामत घ्यायची, खाली आणल्या की परत द्यायची.

6) आवाज आणि दारू : स्पीकर आणि दारूवर पूर्ण बंदी. हे पाहायला गावातली पोरं आणि महिला बचत गट, दोन्ही हवेत.

7) पैसा : शुल्काची पावती, बँकेत खातं, आणि दर तीन महिन्यांनी ग्रामसभेत हिशोबाचं वाचन. आतल्या पाड्यांनाही कामाची पाळी.

8) विश्रांती : प्रत्येक जागेला वर्षातून काही महिने मोकळं ठेवायचं. रान राखतात, कुरण राखतात, तशीच ही जागा राखायची.

यातला शेवटचा मुद्दा नवा नाही. डोंगरातल्या माणसाला देवराईतली काडी न उचलणं ठाऊक आहे आणि दिवाळीपर्यंत कुरणात गुरं न सोडणंही. जी शिस्त गावाने स्वतःच्या गुरांना लावली ती पाहुण्याच्या टेंटला लावायला संकोच कशाला?

एक अडचण मात्र खरी आहे. एका गावाने नियम केले आणि शेजारच्याने केले नाहीत तर गर्दी शेजारी सरकते आणि नियम करणाराच तोट्यात जातो. हरिश्चंद्रगडाला तर पाचनई, जुन्नर तालुक्यातलं खिरेश्वर आणि मुरबाडची नळीची वाट अशा तीन जिल्ह्यांतून वाटा येतात. त्यामुळे भंडारदऱ्याच्या काठची गावं एकत्र आणि हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याची गावं एकत्र, असे दोन गट बसले तरच हे टिकेल. वनखात्याच्या अधिकाऱ्यांनाही वेगवेगळ्या दहा गावांशी दहा वेळा बोलण्यापेक्षा एक लिहिलेला ठराव हातात मिळालेला सोपा.

पावसाळा संपला की टेंट पुन्हा येणार, हे नक्की. ते यावेत, राहावेत, पैसे द्यावेत आणि डोंगर होता तसा ठेवून जावेत. ते तसं वागतील की नाही, हे गडावर ठरत नाही. ते ठरतं खाली, समाजमंदिरात भरणाऱ्या ग्रामसभेत. गणपूर्ती अभावी ती सभा तहकूब झाली तर सोमवारी सकाळी गुरं घेऊन जाणाऱ्या पोरानेच पुन्हा बाटल्या वेचायच्या.